वुजूचा नळ ठिबकतो तेव्हा

घरातला कोणता नळ आधी ठिबकू लागतो, हे वाचक भगिनींना सांगायला नको. फजरपासून ईशापर्यंत लहानथोर सगळे ज्यावर वुजू करतात, तोच. सतत उघडझाप होऊन आतला रबरी वायसर झिजतो. मग थेंब थांबावा म्हणून जो येतो तो नळ आणखी जोराने पिळतो. त्याने झिजलेले रबर उलट चिरडते. तसेच चालू ठेवले तर गळणारे पाणी आतल्या पितळी बैठकीला चर पाडते, आणि मग नवा वायसर घालूनही थेंब थांबत नाही.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे २० लिटर पाणी. खात्री हवी तर ईशानंतर नळाखाली बादली लावा आणि फजरला पाहा. टँकरचे पैसे मोजणाऱ्यांना आम्ही वेगळे काय सांगावे?

वायसर बदलायला प्लंबरची वाट पाहू नका. आधी पाण्याचा मुख्य कॉक बंद करा आणि नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडके टाका, नाहीतर स्क्रू थेट गटारात. मूठ काढली की खाली षटकोनी नट दिसतो. त्यावर कापड गुंडाळून तो पान्याने सोडवा. दांडा बाहेर येईल, त्याच्या टोकाला वायसर असतो. तोच दुकानात दाखवून त्याच मापाचा आणा. पाव वळशात उघडणाऱ्या नव्या नळांत मात्र वायसर नसतो, आतला कार्ट्रिज सबंध बदलावा लागतो.

फ्लशची टाकी गळते ती आवाजही न करता. जर्द्यात घालतो तो खाण्याचा रंग टाकीत टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचे रबर गेले समजा.

मोरी तुंबली की अ‍ॅसिडची बाटली काढायची सवय वाईटच. बहुतेक वेळा जाळीखाली केस आणि साबणाचा गोळा असतो, तो तारेच्या आकड्याने ओढून निघतो. आणि अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली, तर भांडण होण्याआधी एक करा. आपल्या घराचा कॉक रात्रभर बंद ठेवा. नंतर कॉक उघडा, पण दिवसभर त्या न्हाणीघरात पाणी सांडू नका. नुसता कॉक उघडल्यावर ओल वाढली, तर भिंतीतली नळी गळते आहे. अंघोळीनंतरच वाढत असेल, तर फरशीचे सांधे किंवा खालचा निचरा. हे काम मात्र प्लंबरचे. तो येईपर्यंत तिथली अंघोळ बंद ठेवा, आणि शेजाऱ्यांना आपणच जाऊन तसे सांगा.