स्टिअरिंग हलतंय, पण कुठून?

सिल्वासा-खानवेल रस्त्यावरच्या सामरवरणी-मसाट पट्ट्यात ज्यांचं गॅरेज आहे, त्यांना हे गिऱ्हाईक नवीन नाही. कारखान्यात मेंटेनन्सला असतो, पाने स्वतःचे असतात, आटे-पट्ट्या त्याला आपल्याइतक्याच कळतात. टायरॉड एंड ऑनलाइन मागवतो, सुटीच्या दिवशी खोलीसमोर गाडी उचलून बसवतो आणि पुढच्या आठवड्यात आपल्या दारात उभा राहतो : "टायरॉड नवे टाकले, तरी स्टिअरिंग हलतंयच."

त्याला हसणाऱ्यांपैकी हे मासिक नाही. टायरॉड एंड बदलणं घरी जमण्याजोगं काम आहे आणि बऱ्याचदा त्याने ते नीटच केलेलं असतं. फसतं ते निदान. आणि "टायरॉड गेलाय" हे त्याला सांगितलं कुणी? बहुतेक वेळा आपल्यातल्याच कुणीतरी, गाडीखाली न वाकता.

टायरॉड झिजला की चाकाची दिशा सैल होते. थरथर तो सहसा स्वतः निर्माण करत नाही. दुसरीकडून आलेली थरथर मोकळी सोडतो, वाढवतो. उगम पाहायचा तर आधी चाकाकडे जावं लागतं. १४ इंची रिमच्या कडेला २० ग्रॅमचा असमतोल असेल, तर ताशी ९० किलोमीटरला ते वजन चाकाला साधारण अडीच किलोच्या जोराने ओढतं, तेही सेकंदाला जवळजवळ १४ वेळा. नवेकोरे टायरॉड असले तरी हे हातात जाणवणारच.

इथे आपल्या भागाची एक अडचण आहे. औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यांवर, कंटेनरच्या मागे, गाडी पन्नासच्या पुढे क्वचित जाते. त्यामुळे कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आलेल्या मेकॅनिकला बॅलन्सिंगचा दोष दिसतच नाही. तो दिसतो वापी किंवा भिलाडवरून राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागल्यावर, ऐंशीच्या आसपास. आणि बऱ्याचदा शंभर ओलांडल्यावर कमीही होतो. उलट झिजलेला बॉल खड्ड्यातच बोलतो : खटखट, वळताना टक्क आवाज, सरळ रस्त्यावरही सतत स्टिअरिंग सावरावं लागणं. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर डिस्क बघा. कमी वेगातही गाडी डुलत असेल तर टायरवर हात फिरवून फुगवटा शोधा, रिम फिरवून बघा आणि सगळ्यात आधी चाकाचे नट. तेव्हा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न असा असावा : किती वेगाला, कुठल्या रस्त्यावर, ब्रेक दाबून की न दाबता?

नंतर हात. गाडी चाकांवरच उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवायचं. गेलेला बॉल बोटाखाली लगेच कळतो. मग इंजिन बंद, जॅक, स्टँड आणि चाक नऊ-तीनच्या जागी धरून हलवणं. खेळ तिथे असेल तर टायरॉड एंड किंवा आतला रॅक एंड; बारा-सहाच्या जागी असेल तर खालचा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोन्हीकडे सारखाच असेल तर बहुधा बेअरिंग. या तपासणीला काही मिनिटं लागतात. आपण तिचे पैसे घेत नाही, म्हणून ती करतही नाही, आणि सरळ पार्ट विकून मोकळे होतो. "जोडीनेच बदला" हाही त्यातलाच प्रकार. शॉकअपच्या बाबतीत त्याला अर्थ आहे. दुसऱ्या बाजूचा टायरॉड एंड घट्ट असेल, रबर शाबूत असेल, तर तो बदलायला यांत्रिक कारण नाही.

रबर. या एका तुकड्यावर जितकं लिहावं तितकं थोडंच. बॉल वर्षानुवर्षं टिकतो तो ग्रीसवर आणि ग्रीस टिकतं रबरी बुटावर. आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. बुटाला बारीकशी चीर गेली तरी पावसाळाभर चिखलाचं पाणी आत जातं आणि दिवाळीपर्यंत बॉल खटखटू लागतो. तरी सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचे बूट आपण किती जण पाहतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला नियम ९८ नेमका इथे बोट ठेवतो : स्टिअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, जोडण्यांच्या प्रत्येक बॉल जॉइंटवर रबरी टोपी असावी आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. काटपिनेऐवजी तार वळवून देणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा. कंटेनर-टँकरवाल्यांनी तर दोनदा. तिथे ड्रॅग लिंक आणि किंगपिनही येतात, आणि ते काम अंगणातलं नाहीच.

कारवाल्याने घरी काम केलंच, तर त्याला चार गोष्टी आपणच सांगाव्यात. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली हात घालू नये. जॉइंट सोडवायला पुलर वापरावा. हातोडा मारायचाच तर स्टिअरिंग आर्मच्या डोळ्यावर बाजूने, आट्यांवर कधीच नाही. काटपिनेचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवावा, सैल करून नव्हे. आणि पिन नवीनच घालावी. रॅक एंडला हात घालत असेल तर मात्र त्याला थांबवा : रॅक पान्याने धरून न ठेवता जोर लावला तर तो पिनियनच्या दातांवर जातो आणि थोड्या पैशांचं काम आख्ख्या रॅकवर येतं.

राहिली अलाइनमेंट. "आटे मोजून तेवढेच फिरवले" हे ऐकून आपलेही काही लोक गाडी सोडून देतात. हिशेब करून बघा. आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर आणि स्टिअरिंग आर्म १३० मिलिमीटर धरला, तर टायरॉडचा एक पूर्ण फेरा चाकाला जवळजवळ दोन-तृतीयांश अंश वळवतो; टायरच्या पुढच्या-मागच्या कडांत मोजलं तर साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. बहुतेक गाड्यांच्या टोची मुभा याहून कितीतरी कमी असते. शिवाय नव्या पार्टची लांबी जुन्याइतकीच असेल याची खात्री काय? आटे मोजणं गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेण्यापुरतं ठीक. तिथे न जाता महिनाभर फिरवली तर टायरची कड खरवडल्यासारखी होते, आणि टायरची किंमत टायरॉडच्या कितीतरी पट.

आमची सूचना साधी आहे. दरफलकावर "स्टिअरिंग तपासणी" ही वेगळी ओळ लिहा आणि तिचे पैसे घ्या, पार्ट घरी बदलून आलेल्याकडूनही. बिलावर खेळ कुठे सापडला ते एका वाक्यात लिहा. अलाइनमेंट केली असेल तर आधीचा आणि नंतरचा टोचा आकडा जोडा. मेंटेनन्समधला तो माणूस आकडे वाचणारा आहे. कारखान्यात दिवसभर तो तेच करतो.