एकोणीस विरुद्ध अठरा

आकडे दिसले की मराठीच्या प्राध्यापकाने चार पावले मागे सरावे, असा एक समज आमच्या स्टाफरूममध्ये रूढ आहे. गणिताचे प्राध्यापक तर मला वाण्याची यादी तपासण्याच्याही लायकीचा समजत नाहीत. तरीसुद्धा यंदा फराळाच्या ताटाशेजारी मी वाचकांपुढे आकड्यांचाच एक तक्ता मांडणार आहे. तो घरखर्चाचा नाही, तेव्हा कोणी धास्ती घेऊ नये. तो आहे २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत मिनिआपोलिस येथे झालेल्या एका धंदेवाईक बास्केटबॉल सामन्याचा.

एन.बी.ए. ही तिकडची नामांकित संघटना तेव्हा बाल्यावस्थेत होती. १९४६ साली ती निघाली आणि १९४९ साली दुसऱ्या एका संघटनेशी तिचे लग्न लागून तिला आजचे नाव मिळाले. मिनिआपोलिसचा लेकर्स हा तिच्यातला अजिंक्य संघ. आपल्या मैदानावर ओळीने २९ सामने त्याने जिंकलेले. त्याचा आधारस्तंभ जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंच उंचीचा आणि जाड भिंगांचा चष्मा लावून खेळणारा गडी. पाहुणा संघ होता फोर्ट वेन या गावचा, पिस्टन्स नावाचा.

आता तक्ता पाहा. पिस्टन्स १९, लेकर्स १८. आज याच खेळात एकेक संघ शंभरावर गुण करतो, आणि येथे अठ्ठेचाळीस मिनिटांत दोघांचे मिळून ३७! एन.बी.ए.च्या इतिहासात याहून कमी गुणांचा सामना झालेला नाही. चालत्या खेळात लेकर्सनी चेंडू कड्यात टाकला चार वेळा, पिस्टन्सनीही चारच वेळा. बाकीचे गुण फ्री थ्रोचे, म्हणजे प्रतिपक्षाच्या आगळिकीबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकींचे. लेकर्सच्या चारही बास्केट एकट्या मायकनच्या. त्यांत त्याच्या सात मोकळ्या फेकी मिळवा, की होतात १५. उरलेल्या साऱ्या संघाचे मिळून तीन! जिंकलेल्या संघात सर्वांत अधिक गुण जॉन ओल्डहॅमचे, आणि ते पाच. पंधरा गुणांचा धनी हरला आणि पाच गुणांचा जिंकला. एखाद्या नाटककाराने असे लिहिले असते, तर आम्ही त्याला वर्गात फैलावर घेतले असते.

या कोड्याची उकल तक्त्यात सापडत नाही. पिस्टन्सनी हेरले होते, की मायकनपाशी चेंडू गेला तर आपली धडगत नाही. मग चेंडू आपल्यापाशीच ठेवला तर? नियमाची आडकाठी नव्हतीच. त्यांनी चेंडू हाती धरला आणि खुशाल उभे राहिले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तरी ते ढिम्म. अखेरच्या पावावेळी लेकर्स १७-१६ असे पुढे होते. त्या पावात दोन्ही संघांचे मिळून चार गुण झाले, आणि शेवटच्या काही क्षणांत लॅरी फाउस्टने चेंडू कड्यात टाकून सामना खिशात घातला. सामना ज्याने जिंकला ते चेंडू धरून उभे राहणे, पण त्याला तक्त्यात रकाना नव्हता.

आपल्या कबड्डीत ही पंचाईत कधी आली नाही. चढाई करणाऱ्याचा दम हेच तिथले मूळचे घड्याळ होते! बास्केटबॉलला मात्र घड्याळ शोधावे लागले, आणि ते शोधताना उपयोगी पडले ते हेच रूक्ष तक्ते. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी रंगलेल्या सामन्यांचे आकडे पाहिले. प्रत्येक संघ सुमारे ६० वेळा कड्याकडे चेंडू फेकी, म्हणजे दोघांचे १२०. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सेकंद २८८०. भागाकार केला, उत्तर आले २४. चोवीस सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे, असा नियम १९५४ साली झाला. प्रत्येक संघाची सामन्यामागची सरासरी एका वर्षात ७९ च्या आसपास होती ती ९३ वर गेली. एका तक्त्याने रोग दाखवला आणि दुसऱ्यांनी औषध दिले. तेव्हा आकड्यांना नावे ठेवण्याचा माझा मुळीच इरादा नाही.

पण पुढची गंमत ऐका. नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामात, १९५५ च्या एप्रिलमध्ये, अंतिम झुंजीच्या सातव्या सामन्यात समोरासमोर आले ते बायसोन यांचा सिरॅक्यूज आणि पुन्हा तेच पिस्टन्स. सिरॅक्यूज जिंकले ९२-९१ असे. फरक पुन्हा एकाच गुणाचा. अखेरच्या क्षणी जॉर्ज किंगने मोकळी फेक साधली आणि लगेच प्रतिपक्षाच्या हातचा चेंडू हिरावून अजिंक्यपद पक्के केले. त्याची फेक तक्त्यात चढली. हिरावलेला चेंडू मात्र चढला नाही, कारण अशा चेंडूंची गणती एन.बी.ए.त सुरू झाली १९७३ च्या हंगामापासून. तोवर हजारो चेंडू हिरावले गेले, सामने फिरले, आणि ज्यांनी ते फिरवले त्यांच्या नावापुढे काहीच नाही.

सहामाहीचा निकाल दिवाळीच्या आगेमागेच घरोघर येतो, म्हणून हे सारे सांगितले. माझ्या हातून दरसाल शेकडो उत्तरपत्रिका जातात. गुण देणे आवश्यक आहे, आणि ते चोख द्यावेत याविषयी दुमत नाही. पण आजारी आईचे पथ्यपाणी सांभाळून पेपरला बसलेल्या मुलीच्या त्या सांभाळण्याला गुणपत्रिकेत रकाना नाही. वर्गातल्या कच्च्या मुलाला रोज तासभर शिकवणाऱ्या मुलाला ५२ गुण पडतात, आणि तो तासभर कुठेच मांडला जात नाही. तो मांडायचा कोणी? युनिव्हर्सिटी मांडणार नाही. तिच्यापाशी कागद थोडा आणि मुले फार.

ते काम घरच्या माणसांचे आहे. गुणपत्रिका हाती आली की ती वाचावी जरूर, कमी पडलेल्या विषयाबद्दल कानही उपटावा. मात्र त्याआधी पोराला समोर बसवून विचारावे, "या सहा महिन्यांत आणखी काय काय केलेस?" आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये. चकलीचा तुकडा तोंडात असला, तर हे पथ्य पाळणे सोपे जाते.