‘कोरा कॅनव्हास’ : पुस्तक कोणाचे?

प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ मौज प्रकाशनाने 1990 साली प्रसिद्ध केले. त्याला 35 वर्षे उलटून गेली, तरी मराठी विभागांत या पुस्तकाचा विषय निघाला की एक ठरीव अभिप्राय ऐकू येतो : चित्रकार असूनही भाषा चांगली आहे. या ‘असूनही’मध्ये आपल्या समीक्षेचा सारा गोंधळ साठलेला आहे. चित्रकाराने लिहिले की ते एक तर त्याच्या चित्रांवरचे टिपण ठरते, नाही तर ललित लेखन. त्याच्या कलाव्यवहाराचाच एक भाग भाषेत घडला असेल, ही शक्यता आपण तपासूनही पाहत नाही.

हा गोंधळ नवा नाही. मर्ढेकरांनी सर्व कलांना एकच लयतत्त्व दिले, पण प्रत्येक कलेची सामग्री वेगळी मानली. साहित्याच्या वाट्याला भावनात्मक अर्थ आला, चित्राच्या वाट्याला रंगरेषांचे संवेदन. मर्ढेकरांपुरती ही सैद्धान्तिक गरज होती. त्यांच्यामागून आलेल्यांनी तिचे कुंपण केले आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना विद्यापीठीय विभाग वसवले. परिणामी ‘कोरा कॅनव्हास’ कला महाविद्यालयात ‘लेखन’ म्हणून बाजूला राहते आणि आमच्याकडे ‘कला’ म्हणून.

युताका मात्सुझावा या जपानी कलावंताचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. 1 जून 1964 च्या रात्री वस्तू नाहीशी करण्याचा आदेश आपल्याला ऐकू आला, असे ते सांगत. त्यानंतर त्यांनी चित्रे आणि वस्तू सोडून भाषा हेच कलेचे द्रव्य मानले. या प्रसंगाची कथा चटकन पसरते, कारण तिच्यात साक्षात्काराचे नाट्य आहे. पण मात्सुझावा वास्तुकलेचे पदवीधर होते आणि त्यांची सुरुवात कवितेपासूनच झाली होती, ही गोष्ट त्या नाट्यात झाकली जाते. चित्राकडून भाषेकडे गेलेला हा माणूस खरे तर भाषेकडे परतलेला होता.

तेव्हा बरवे हे ‘आपले मात्सुझावा’ अशी पाटी कोणी लावू पाहील, तर तीही मला मान्य नाही. बरव्यांनी वस्तू टाकली नाही. 1995 साली मृत्यू येईपर्यंत ते रंगवीत होते. पान, फळ, घड्याळ, ढग या साध्या वस्तू त्यांच्या कॅनव्हासवर शेजारी शेजारी येतात, पण कथा सांगत नाहीत. त्या नुसत्या नामांसारख्या उभ्या असतात. वाक्यात क्रियापदच नाही. वस्तूचा आकार आणि तिचे नाव यांच्यातला सांधा तेथे सुटा झालेला दिसतो. पुस्तकातली भाषा हे गाळलेले क्रियापद भरून काढीत नाही. चित्र अजून झालेले नाही, अशा अवस्थेत मन काय करते, वस्तूची प्रतिमा होताना काय गळून पडते, हे ती शोधत राहते. हा शोध रंगात करता आला असता तर बरव्यांनी तो रंगातच केला असता. म्हणून या गद्याला चित्रांचे स्पष्टीकरण म्हणणे ही वाचनातील चूक आहे.

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) आणखी एक पळवाट सहज सापडते. नेवासे जवळच, ‘अमृतानुभवा’त शब्दखंडनाचे प्रकरण आहेच, मग हे सारे ज्ञानेश्वरांनी आधीच सांगितले असे म्हणून मोकळे होता येते. शब्द आत्म्याला प्रकाशित करू शकतो का, हा ज्ञानेश्वरांचा प्रश्न आहे. शब्द वस्तूची जागा घेतो तेव्हा वस्तूचे काय होते, हा बरव्यांचा. दोहोंची सरमिसळ केली की दोघांचेही वाचन टळते, एवढाच लाभ.

आक्षेप येईल तो असा : मूळ चित्रे न पाहता हे पुस्तक पोकळच राहणार. हा आक्षेप मुंबईत बसून घेणे सोपे आहे. पारनेर-पाथर्डीहून एम. ए.ला येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना बरव्यांचा कॅनव्हास पाहायचा तर मुंबई-दिल्लीची वाट धरावी लागते. पुस्तक मात्र हाती येऊ शकते. चित्राविना पुस्तक अपुरे, हे तत्त्व मान्य केले तर हे विद्यार्थी कायमचे दुय्यम वाचक ठरतात. मात्सुझावा आयुष्याचा बराचसा काळ शिमोसुवा या आपल्या आडगावीच राहिले आणि त्यांच्या कृती छापील कागदावरून, टपालाने जगात गेल्या. कलादालनापासून दूर असणाऱ्याला भाषेतली कृती पूर्णत्वाने भेटू शकते, हा त्यातला मुद्दा आपल्याकडच्या चर्चेत कोणी घेत नाही.

2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचे मोठे प्रदर्शन झाले. ते लोकांच्या लक्षात आहे ते उद्घाटनात अमोल पालेकरांचे भाषण अडवले गेले म्हणून, आणि ते स्वाभाविकही आहे. पण त्याच प्रदर्शनात बरव्यांच्या डायऱ्याही चित्रांच्या बरोबरीने मांडल्या होत्या. संग्रहालयाने लेखनाला कृतीचा मान दिला. मराठी विभागात ते अद्याप पूरक वाचनाच्या यादीतही नाही; निदान मी शिकवतो त्या अभ्यासक्रमात नाही. यंदा अभ्यासमंडळापुढे मी ते ‘ललित गद्य’ किंवा ‘साहित्य आणि अन्य कला’ यांपैकी कशातही न घालता थेट साहित्यसिद्धान्ताच्या प्रश्नपत्रिकेत, मर्ढेकरांच्या शेजारी ठेवावे, असे सुचवणार आहे.