बोर्डावर नाव कुणाचं?

साताऱ्यात किंवा सांगलीत नवा धंदा काढणाऱ्या मुस्लिम तरुणांच्या घरात पहिला वाद भांडवलावरून होतो आणि दुसरा नावावरून. दुसरा जास्त दिवस चालतो. आडनाव लावलं तर गिऱ्हाईक तुटेल का? मग ‘फ्रेश’, ‘रॉयल’, ‘डेली’ असलं काहीतरी शोधलं जातं, ज्याला ना गाव ना घराणं.

या भीतीला हसण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत जमावाने मशिदीवर हल्ला केला, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांना मालकाचं नाव लावायला सांगितलं गेलं. २२ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली: कोणता पदार्थ विकता ते सांगा, मालकाच्या नावाची सक्ती नाही. म्हणजे नाव न लावणं हा तुमचा हक्क आहे आणि तो वापरणाऱ्याला भित्रा म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

पण नाव लपवून ब्रँड उभा राहील असं मला वाटत नाही, कारण नाव लपतच नाही. पॅकेटबंद खाद्यपदार्थावर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता छापावाच लागतो. स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावला असेल, तर पैसे देताना गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नाव येतंच. ते तिथे पहिल्यांदा दिसलं की त्याला उगाच वाटतं, काहीतरी दडवलं होतं.

शिवाय आपली आडनावं पाहा. अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, मण्यार, शिकलगार. ही आडनावं कमी आणि दुकानाच्या पाट्या जास्त आहेत. जाहिरात कंपन्या ज्याला ब्रँड म्हणतात ते आपल्या आजा-पणज्यांनी अंगावर वागवलं. फळं घ्यायची तर बागवानाकडून, हे सांगायला लोगो लागत नव्हता. याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली आणि भिलवडीत १९३९ मध्ये चितळ्यांचा दुधाचा धंदा सुरू झाला. ही दोन्ही आडनावंच. आज ती ऐकून लोकांना घराणं आठवत नाही; पंप आठवतो, दूध आठवतं. आडनाव वस्तूच्या मागे इतकं जायला दोन-तीन पिढ्या एकसारखा माल द्यावा लागतो, एवढंच.

सगळ्यात बोलकं उदाहरण मिरजेचं. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात, पटवर्धनांच्या संस्थानात, तलवारीचं काम आटत गेलं तसे त्यांच्यातले काही जण तंतुवाद्यांकडे वळले. या परंपरेत फरीदसाहेबांचं नाव आधी घेतलं जातं. मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, तो वाळवायचा, दांडी जोडायची, शेवटी जवारी लावायची. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहायला आले. कारागिरांच्या गावातच असा कान होता. हळूहळू आडनावच झालं सतारमेकर. धंदा बदलला, नाव बदललं, आणि ते कुणाच्या भीतीने बदललं नाही.

मग यशाची अडचण सुरू झाली. दुसरीकडे बनलेली वाद्यंही ‘मिरजेची’ म्हणून विकली जाऊ लागली. म्हणून कारागिरांनी २०२१ मध्ये अर्ज केला आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते सगळ्या गावाचं आहे, एका दुकानाचं नाही. त्यामुळे वादक अजूनही विचारतो, ‘मिरजेत कुणाकडची?’ साताऱ्याच्या कंदी पेढ्याचंही तसंच. पेढा साताऱ्याचा, पण ‘कोणाकडचा?’ हा प्रश्न राहतोच. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा ब्रँड.

समजा तुम्ही हळद विकताय. ‘सांगली हळद’ हे नाव तुमच्या एकट्याचं होणार नाही; तिला २०१८ मध्ये मानांकन मिळालंय आणि ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ‘शुद्ध’, ‘दर्जेदार’, ‘घरगुती’ हे शब्द तर प्रत्येक पाकिटावर असतात, म्हणून ते कुणी वाचत नाही. राजापुरी आहे का, पॉलिश केलेली की बिनपॉलिशची, कधी दळली, हे लिहा. पुढच्या पाकिटातही तेच निघालं की गिऱ्हाईक नाव लक्षात ठेवतं. आणि कृपा करून हळदीवर चाँद-तारा छापू नका. मांस विकताना हलाल लिहिणं ही माहिती आहे, गिऱ्हाइकाला ती हवी असते. मसाल्यावर तेच लिहिणं म्हणजे आपलंच गिऱ्हाईक मोहल्ल्यापुरतं आखून घेणं. भीतीने इंग्रजी नाव घेणारा आणि जोशात हिरवं पाकीट काढणारा, दोघांचंही लक्ष मालावरून उडालेलं असतं.

नाव ठरलं की बोर्ड रंगवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर ते आधी कुणी घेतलंय का पाहा. शोधायला पैसे पडत नाहीत. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण होतं. भाऊ वेगळे होतात तेव्हा बोर्ड कुणाचा यावर किती भांडणं होतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही फी जड वाटणार नाही.

हा अर्ज भरतानाच आपल्याकडची एक खोड दिसते. लोणचं अम्मी घालते, मसाला खाला भाजते, पाकिटावर ‘अम्मीच्या हाताची चव’ असं झोकात छापतो, आणि अर्जात मालक म्हणून मुलाचं नाव. उद्यम नोंदणीही त्याच्याच नावावर, बँकेचं खातंही. नाव लपवायचं की नाही यावर महिनाभर वाद घालणाऱ्या घरात अम्मीचं नाव मात्र न विचारताच गाळलं जातं. अर्जदाराच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहा, सही तिची घ्या, ओटीपी तिच्या मोबाइलवर येऊ द्या.