संपल्या गोळ्या आणि ‘व्यसनी’ बाई



गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी शेक घेऊन घरी आलेल्या एका बाईंना भेटायला गेले होते. दुखणं फार, म्हणून तीन महिने दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी चालू होती. त्या दिवशी त्या अंथरुणावर तळमळत होत्या. नाकडोळे वाहत होते, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब. सासूबाई म्हणाल्या, “नशेची सवय लागली होती. परवापासून बंदच केली गोळी. दोन दिवस तडफडेल, मग सुटेल.” आणि समाजकार्यात एम.ए. केलेली, आडव्या बाटलीसाठी गावोगाव हिंडलेली मी म्हणाले, “धीर धरा.” ते शब्द अजून टोचतात.

त्या बाई व्यसनी नव्हत्या. काही आठवडे रोज मॉर्फिन घेतलं की कुणाच्याही शरीराला त्याची सवय होते. गोळी एकाएकी थांबली की अर्ध्या-एक दिवसात शरीर असं बंड करतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो. व्यसन वेगळं. तिथे नुकसान दिसत असूनही माणूस त्या पदार्थामागे धावतो. या बाई दुखणं थांबावं म्हणून सांगितलेली गोळी सांगितलेल्या वेळी घेत होत्या, एवढंच. धडधाकट माणूस या त्रासातून सहसा तगतो. पण आधीच खंगलेल्या बाईच्या अंगातलं पाणी जुलाबांनी गेलं तर? शिवाय दबलेलं दुखणंही वर येतं ते वेगळंच.

शेकानंतर दुखणं कमी झालं तर गोळीही कमी करता येते, पण पायरीपायरीने. डॉक्टर मात्रा थोडी उतरवतात, काही दिवस थांबतात, मग पुन्हा उतरवतात. त्रास झालाच तर एक पायरी मागे येतात, क्लोनिडीनसारखं औषध जोडीला देतात. आणि हे नीट लक्षात ठेवा: मध्ये काही दिवस खंड पडला असेल तर घाबरून घरच्या घरी जुनी पूर्ण मात्रा सुरू करू नये. ती आता शरीराला झेपेलच असं नाही, श्वास मंदावू शकतो. आधी डॉक्टरांना विचारायचं.

आता गोळी मिळते कुठे ते पाहा. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते. मॉर्फिन त्या अफूतूनच निघतं. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने दवाखाने ते ठेवायला कचरत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त संस्थांना वाट मोकळी झाली. तरी खेड्यातल्या बाईला गोळीसाठी बहुधा शहरच गाठावं लागतं. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी. नवरा आजारी असला की बायको जाते. बायको आजारी असली की कोण जातं?

कारण पुढे कळलं ते असं. गोळ्या बंद केल्याच नव्हत्या, त्या संपल्या होत्या. मुलगा कामावर, नवऱ्याला वेळ नाही. ‘व्यसन’ हा शब्द नंतर आला, आणि तो आमच्याच दारूबंदीच्या सभांतून त्या घरात पोचला होता.

हल्ली घरभेटीत मी डबी उघडून गोळ्या मोजते. आठवड्याच्या उरल्या असतील तेव्हाच विचारते, आणायला कोण जाणार? त्या वेळी मीच गेले. डॉक्टरांनी कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात केली. दोन दिवसांनी बाईंनी मऊ भात मागितला.