रॉ टेप कुठंय?

परवा नगरपालिकेच्या दारात पूररेषेवरून दोघांची जुंपली. एक म्हणतो, 2005 ला पाणी या प्लॉटपर्यंत आलंच नव्हतं. दुसरा म्हणतो, मांडीएवढं होतं, मी स्वतः तिथनं म्हशी सोडवून आणल्या. बघे दोन्हीकडून बोलत होते. मी मात्र गप्प उभा होतो. कारण ते पाणी मी शूट केलं होतं. टाइमकोडसकट.

तेव्हा मी गावातल्या केबलच्या बातम्यांना होतो. डिप्लोमाचा कागद नवा कोरा आणि हातात मालकाचा पीडी-170. आमचे सीनियर कॅमेरामन, त्यांना सगळे काका म्हणायचे, त्यांनी पूर चढायला लागल्यावर पहिली गोष्ट सांगितली, "टाइमकोड फ्री रनला टाक. घड्याळ बघून लाव."

आजच्या पोरांसाठी सांगतो. टाइमकोड म्हणजे टेपवरच्या प्रत्येक फ्रेमचा पत्ता. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. आपल्याकडं पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम. 'रेक रन'ला ठेवला तर कॅमेरा रेकॉर्ड करतो तेवढाच आकडा पुढं सरकतो. 'फ्री रन'ला ठेवला तर कॅमेरा थांबला तरी आकडा घड्याळासारखा पळत राहतो. मी वैतागलो होतो. फ्री रनमध्ये प्रत्येक शॉटला टाइमकोड तुटतो, आणि एडिटला डेक कटच्या पाच सेकंद मागं जाऊन वेग पकडतो ना, ज्याला प्री-रोल म्हणतात, तिथं तो अडखळतो. काका म्हणाले, "एडिटरला होऊ दे त्रास. पाणी कोणत्या पायरीला किती वाजता लागलं हे टेपनं सांगायला पाहिजे."

आता कुणी म्हणेल, बातमी लागली होती ना, तीच दाखवा की. नाही दाखवता येत. त्याचं कारण मीच आहे.

आमच्याकडं मास्टर एस-व्हीएचएसवर व्हायचा. आधी टेप 'ब्लॅक' करायची, म्हणजे अख्खी काळी रेकॉर्ड करायची, की कंट्रोल ट्रॅक सलग बसतो. मग त्यावर 'इन्सर्ट' एडिट. इन्सर्टची गंमत ही की आवाज तसाच ठेवून नुसतं चित्र बदलता येतं. मी व्हॉइसओव्हर दिला, 'सकाळपासून पाणी वाढत आहे', आणि त्यावर चढवले संध्याकाळचे शॉट, कारण ते जास्त भारी दिसत होते. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. पुढं त्या मास्टरवरून व्हीएचएस डब निघाली. म्हणजे रॉ ही पहिली पिढी, मास्टर दुसरी, डब तिसरी. प्रत्येक पिढीत चित्र फिकं आणि टाइमकोड केव्हाच गेलेला. ती डब घेऊन मी पूररेषेच्या भांडणात उभा राहिलो तर समोरचा वकील मला पाच मिनिटांत घरी पाठवेल. आणि बरोबरच आहे त्याचं.

म्हणून रॉ पाहिजे. पुराच्या चार टेपा होत्या. साठ मिनिटांची मिनी डीव्ही कॅसेट डीव्हीकॅम मोडमध्ये चाळीस मिनिटंच भरते, त्यामुळं टेपांची कायम ओढाताण. कॅसेटच्या पाठीला एक छोटी पट्टी असते. ती 'सेव्ह'कडं सरकवली की टेप पुसली जात नाही. एका टेपेची पट्टी मी सरकवली नाही. पंधरा दिवसांनी त्यावर एका पुढाऱ्याचा वाढदिवस शूट झाला. केक कापताना टाळ्या वाजतायत, आणि त्याखाली आमच्या गावचा चाळीस मिनिटांचा पूर गेला.

उरलेल्या तीन जुन्या मालकांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत सापडल्या. लेबलवर माझंच अक्षर. एका लग्नाच्या फोटोग्राफरकडं जुना कॅमेरा निघाला, एकच टेप लावली. ड्रॉप-आउट आहेत, मध्येच चित्राचे चौकोन होतात, पण दिसतंय. एसटी स्टँडच्या तिसऱ्या पायरीला पाणी, टाइमकोड 16:22. माझ्या अंगावर काटा आला. भांडणातला प्लॉट दुसऱ्या टेपेत असावा, पण तिच्यावर बुरशी आहे. ती मी लावली नाही. बुरशीची टेप लावली की ती तर फाटतेच, वर हेडही खराब होतात.

नंतरच्या पुरांचं, 2019 आणि 2021 चं, तर उलटंच. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहेत. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या क्लिपला मूळ तारीख-वेळ राहत नाही. 2019 चा पूल 2021 मध्ये परत वाहून जाताना आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलाय. मीही केलाय.

निळी आणि लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो, त्यावर बांधकामाची परवानगी ठरते, घरं उभी राहतात. आणि त्या पाण्याचा तासातासाचा पुरावा नदीकाठच्या गावोगावी बंद पडलेल्या केबलवाल्यांच्या माळ्यावर सडतोय. युनेस्कोनं 2019 मध्येच मॅग्नेटिक टेपबद्दल इशारा दिला होता, 2025 च्या आसपास हे सगळं वाचणं अवघड होईल म्हणून. टेपा टिकतीलही, चालवायची मशीन राहत नाहीत. बीटामॅक्सच्या कॅसेटी विकणं सोनीनं 2016 लाच थांबवलं. सिनेमांसाठी पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय तरी आहे. आमच्या टेपांचं कोण?

माझी मागणी मोठी नाही. नगरपालिकेनं वाचनालयात एक चालू डेक आणि फायरवायरचं पोर्ट असलेला एक जुना कॉम्प्युटर ठेवावा. फायरवायरनं घेतलं की डीव्ही टेपेतला डेटा टाइमकोडसकट जसाच्या तसा उतरतो. टीव्हीवर लावून समोरून मोबाइलनं शूट केलं की आणखी एक पिढी, आणखी एक डब. स्वागत कमानीच्या खर्चात हे कितीदा तरी होईल.

तोवर एवढंच करा. घरी अशा कॅसेटी असतील तर पट्टी 'सेव्ह'कडं सरकवा, उभ्या ठेवा, बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका, आणि कॉपी झाली म्हणून मूळ टेप फेकू नका. बुरशीची टेप साफ करणारं कुणी माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. पुढच्या सभेत पूररेषेचा विषय परत आहे, त्याआधी मला ती दुसरी टेप बघायची आहे.