कुटुंबाची मोटार आणि व्यापाऱ्याची पारख

आपल्या पेठेतील कोणताही व्यापारी गुळाची ढेप फोडून रंग व कण पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. धान्याच्या पोत्यात सळई खुपसून मधला नमुना तळहातावर घेतल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. हाच गृहस्थ आठ-दहा लाख रुपयांची वापरलेली मोटार मात्र एखाद्या रविवारी, चुलतभावाच्या ओळखीच्या दलालाच्या शब्दावर, धुऊन-पुसून उभी केलेली पाहून घेऊन येतो, याचे आम्हांस नेहमी नवल वाटत आले आहे. मोटार हा आपला नित्याचा माल नव्हे, तिच्यातले आपणांस काय कळणार, असे पुष्कळांचे म्हणणे पडते. आमचे मत याच्या उलट आहे. दुकानात जी पारख आहे तीच येथेही पुरते. फक्त ती गल्ल्याजवळ ठेवून जाऊ नये.

आपल्याकडील कुटुंबे अद्याप मोठी आहेत. दोन भावांचे घर एक, पेढी एक, तेव्हा सात-आठ माणसे बसतील अशी डिझेलची एकच गाडी दारात असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. नवी मोटार रस्त्यावर येताच तिची किंमत उतरू लागते. ती घट पहिल्या मालकाने सोसावी आणि पुढील उपयोग आपण घ्यावा, हा हिशेबही रास्तच आहे. तथापि डिझेलच का, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे, आणि तो फारच थोडे लोक विचारतात.

२०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत डिझेलचा दर सरकारच्या हाती होता व पेट्रोलच्या मानाने ते पुष्कळ स्वस्त पडे. नियंत्रण उठल्यावर ते अंतर आटले. आता डिझेलच्या बाजूने उरले आहे ते मुख्यतः त्याचे बळ. भरलेली गाडी चोर्ला घाट चढताना डिझेलचे एंजिन कमी फेऱ्यांवर, न धापता, ओझे ओढते. शिवाय ते लिटरमागे अधिक पल्ला देते. समजा, डिझेल ९० रुपये व पेट्रोल १०० रुपये लिटर आहे, आणि डिझेलची गाडी लिटरला १३ व पेट्रोलची १० किलोमीटर जाते. तर किलोमीटरमागे सुमारे तीन रुपये वाचतात. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे ४५,००० रुपये वाचले. परंतु घरापासून पेढीपर्यंत, पेढीपासून बँकेपर्यंत, आणि वर्षातून दोन वेळा कोल्हापूरपर्यंत जाणाऱ्याची धाव ४,००० च्या वर जात नाही. त्याचे वाचले १२,०००; आणि चार इंजेक्टर बदलण्याची पाळी आली की अशी कित्येक वर्षांची बचत एका बिलात निघून जाते.

एवढ्यावर भागत नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या डिझेल मोटारींस भारत स्टेज सहाचा नियम लागू आहे. या गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी असते. साचलेली काजळी जळून जावी यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर, एकसारख्या वेगाने, बराच वेळ चालावी लागते. शनिवार खूट ते शहापूर एवढ्याच फेऱ्या जिच्या नशिबी आहेत तिची गाळणी तुंबते, आणि ती बदलण्याचा खर्च ऐकून मालकाचा श्वास तुंबतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ज्या घराची वार्षिक धाव दहा हजार किलोमीटरच्या आत आहे त्याने जुनी डिझेल मोटार घेऊ नये. रोजच्या कामास लहान पेट्रोल गाडी ठेवावी, आणि श्रवणबेळगोळची यात्रा किंवा लग्नाचे वऱ्हाड निघेल तेव्हा मोठी गाडी चालकासह भाड्याने घ्यावी. हे मत कित्येकांस रुचणार नाही हे आम्ही जाणतो, कारण दारातील मोठ्या मोटारीकडे आपला समाज पतीचे प्रमाणपत्र म्हणून पाहू लागला आहे.

ज्यांची धाव खरोखर मोठी आहे त्यांच्याकडे आता वळू. अशा घराने सर्वांत आधी मागची रांग पाहावी. आणि पाहावी म्हणजे घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीस तीत बसवून दहा मिनिटे फिरवून आणावे. दलाल मधल्या आसनांचे चामडे दाखवितो, पडद्यावरची गाणी लावतो. मागे आजोबांचे गुडघे हनुवटीला लागतात ते त्याच्या वर्णनात नसते. सात माणसे बसली की सामानास जागा राहात नाही, ही या साऱ्या गाड्यांची जातकुळी आहे. सात जण आणि सात जणांच्या बॅगा दोन्ही मावतील अशी समजूत करून घेतलेले लोक मग छतावर कॅरिअर लावून त्यावर ओझे बांधतात. त्याने गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर ती झुकू लागते. सामानासह प्रवास करावयाचा तर सातांची गाडी पाचांची समजावी.

मागच्या रांगेविषयी आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या दृष्टीने ती किमतीहून मोठी आहे. बोलेरोसारख्या काही गाड्यांत मागची बाके समोरासमोर, आडवी असतात. ऐन धक्क्याच्या क्षणी आडव्या बसलेल्या मुलास धरून ठेवणारे तेथे काही नसते. ज्या आसनास पट्टा नाही ते आसन नाहीच, असे समजून माणसे मोजावीत. पट्टा आहे पण बांधावयाचा नाही, ही आपली दुसरी खोड. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ झालेल्या अपघातात मृत्यू पावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. गाडी सामान्य नव्हती, तरी ती उपयोगी पडली नाही. वर्ष निवडतानाही हाच विचार असावा. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढे हवेची उशी बंधनकारक झाली, आणि २०२२ च्या आरंभापासून शेजारच्या आसनापुढेही. चाके न अडकता लागणारे ब्रेकही २०१९ पासूनच सक्तीचे झाले. त्याआधीच्या कित्येक गाड्यांच्या स्वस्त नमुन्यांत यांपैकी काहीच नसे. दहा-बारा वर्षांची गाडी कोणी दाखविली तर तिच्या नावावर न जाता नेमक्या नमुन्यात काय आहे ते पाहावे.

कोणती घ्यावी, यावर आम्ही लांबण लावीत नाही. टोयोटाची इनोव्हा २००५ साली आली, २०१६ साली तिचे क्रिस्टा हे नवे रूप आले. तिचे काम जाणणारा मिस्त्री खानापूर-निपाणीतही सापडतो, आणि त्याचीच किंमत बाजार वसूल करतो. मारुतीच्या अर्टिगाचे डिझेल रूप २०१२ पासून २०२० पर्यंत मिळत असे. ते लहान, हलके आणि काटकसरी आहे. कंपनीने सोडून दिलेल्या गाड्या फार स्वस्त मिळतात. होंडाची मोबिलिओ, रेनोची लॉजी, शेव्हर्लेची टव्हेरा या त्यांपैकी होत. शेव्हर्ले तर २०१७ अखेर आपल्या देशातील विक्रीच बंद करून गेली. सुटे भाग मिळण्याची खात्री करून घेतल्याशिवाय या स्वस्ताईस भुलू नये.

आता प्रत्यक्ष पारखीकडे येऊ. आमच्या भागात एक विशेष धोका आहे, तो इतरत्र इतका नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठावर पुराने हाहाकार केला. सांगली, कोल्हापूर आणि बेळगावी जिल्ह्यांतील असंख्य वाहने पाण्यात उभी होती. त्यांतील काही पुसून, वाळवून, अत्तर शिंपडून पुन्हा बाजारात आली नसतील, असे समजण्याचे कारण नाही. गालिचा नवा आहे काय ते पाहू नये. तो उचलून खाली चिखलाची रेघ आहे काय ते पाहावे. आसनांच्या खालचे बोल्ट गंजलेले आहेत काय ते पाहावे. पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. पाण्याची खूण वर कोणी धुतो, गुंडाळीच्या आत कोणी धुवीत नाही. पावसाळी दिवस नसताना गाडीत सुगंध फार येत असेल तर सुगंधाचीच शंका घ्यावी.

दुसरा माल म्हणजे पिवळ्या पाटीची टॅक्सी पांढरी करून विकलेली. यात बेकायदा काही नाही, नोंदीत ते लिहिलेलेही असते. पण विकणारा ते बोलत नाही. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो, पायाखालचे पेडल मात्र खोटे बोलत नाही. आकडा साठ हजार, आणि पेडलचे रबर गुळगुळीत, सुकाणू चकचकीत, चालकाचे आसन एका बाजूस बसलेले, असे दिसले तर आकड्यावर विसंबू नये. परिवहन खात्याच्या ॲपवर नोंदणी क्रमांक घालताच कितवा मालक, कर्ज फिटले की नाही, विमा कधीपर्यंत, इतके कळते. आणि कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत तिच्या जुन्या कामांची यादी मिळू शकते. ही यादी म्हणजे गाडीची खातेवही. ती मागितल्यावर विकणारा विषय बदलू लागला, तर आपणही गाडी बदलावी.

एंजिन थंड असतानाच ऐकावे. तुम्ही येण्याआधीच ते तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावे. सुरू होताना लागणारा वेळ, निळा धूर, तेलाचे झाकण उघडताच आतून येणारा जोराचा फुत्कार, ही सारी जुन्या डिझेलची दुखणी होत. जुन्या अडीच लिटर इनोव्हात टायमिंगचा पट्टा असतो. तो कधी बदलला त्याची पावती पाहावी, कारण तो तुटला तर एंजिन आतून मोडते. शेवटी गाडी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून उचलून तपासावी. दलालाच्या मिस्त्रीचा येथे उपयोग नाही.

सीमेवरच्या सभासदांस कागदांविषयी चार शब्द सांगणे अवश्य वाटते. कोल्हापूरची गाडी येथे स्वस्त पडते असे पुष्कळांस वाटते. परंतु दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर तिची येथे नोंदणी करावी लागते, तिकडील कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणावे लागते, आणि कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो. तिकडे भरलेल्या करापैकी परतावा मागता येतो. तो मिळेपर्यंतचे खेटे ज्याने त्याने हिशेबात धरावेत. हा सर्व खर्च किमतीत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावे.

पेढीच्या नावे असलेली मोटार सभासदास विकताना विक्रेत्याने वस्तू व सेवा कर विसरू नये. पेढीने घसारा धरला असेल तर विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांतील फरकावर हा कर आहे; २०२५ च्या जानेवारीपासून सर्व जुन्या मोटारींस दर १८ टक्के झाला. फरक उणे असेल तर कर नाही. घरगुती माणसाने घरगुती माणसास विकल्यास हा कर लागत नाही.

विक्रेत्याने हस्तांतराची वर्दी त्याच राज्यात १४ दिवसांत व परराज्यात ४५ दिवसांत द्यावयाची असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत. वर्दी राहिली आणि मधल्या काळात अपघात घडला, तर नुकसानभरपाईचा दावा जुन्या मालकाच्या दारी येतो. विम्याचेही तसेच. दुसऱ्याच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर जाते. आपल्या गाडीच्या नुकसानीचे मात्र, १४ दिवसांत विमा कंपनीस लिहून कळविल्यावाचून, नव्या मालकास मिळेल असे धरून चालू नये. दावा न केल्याबद्दलची सूट जुन्या मालकाजवळच राहते, तेवढ्या फरकाची रक्कम कंपनी नव्या मालकाकडून मागते. ती सौद्याच्या वेळीच धरून भाव बोलावा.